सरफोजीराजांचा शार्ल ल ब्रं

तंजावरच्या भोसल्यांच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे आणि त्याच्याच एका भागात छोटेसे संग्रहालय. ताडपत्रे, चित्रित पोथ्या, जुने नकाशे पाहत पुढे सरकणारा पाहुणा एका चित्रमालिकेपाशी हमखास थांबतो. बैलाचे मस्तक आणि बैलाच्या तोंडवळ्याचा माणूस, घुबड आणि घुबडासारखे वाटोळे डोळे वटारलेला माणूस, तसेच सिंह, उंट, कोल्हा. माणूस आणि जनावर यांच्यातली सीमा इतक्या सफाईने पुसली आहे की पाहणारा आधी हसतो आणि मग जरा अस्वस्थ होतो. ही चित्रे शार्ल ल ब्रं या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराची. त्याच संग्रहालयात चीनमधल्या शिक्षांची चित्रेही आहेत, आणि दोन्हींची गणना बहुतेक लोक ‘राजाने हौसेने जमवलेल्या विचित्र वस्तू’ अशीच करतात. ही गणना चुकीची आहे असे माझे म्हणणे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत एका मराठी राजाने शरीर न्याहाळण्याची, त्याच्या नोंदी ठेवण्याची आणि त्या नोंदींतून शिकण्याची जी खटपट चालवली होती, तिच्या शेजारी ठेवून पाहिली तरच या चित्रांचा अर्थ लागतो.

मुळशी तालुक्यातल्या जांब्यासारख्या गावात वाढलेल्या माणसापुढे मराठ्यांचा इतिहास म्हणून जे उभे राहते त्यात घनगड, कोरीगड, तिकोना असतात, पुण्याचा शनिवारवाडा असतो. जांब्यापासून हजार किलोमीटरहून दूर, कावेरीच्या खोऱ्यातले तंजावर त्या चित्रात सहसा नसते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती टिकली, एवढे आपण शाळेत वाचतो आणि पुढे जातो. या वंशातले दुसरे सरफोजी १७७७ मध्ये जन्मले. तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतले, पण १७८७ मध्ये तुळजाजी वारल्यावर गादी त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली. श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने या मुलाला सांभाळले, त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली, आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, वाडा, ठरावीक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. १८३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी या पैशाचे काय केले, हाच या लेखाचा खरा विषय आहे. ल ब्रं हा त्यातला एक पुरावा.

ल ब्रं हा एका अर्थाने अप्रसिद्ध आणि दुसऱ्या अर्थाने अतिप्रसिद्ध चित्रकार. १६१९ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेला हा माणूस १६४८ मध्ये तिथली शाही चित्र-शिल्प अकादमी उभारणाऱ्यांपैकी एक होता. चौदाव्या लुईने त्याला आपला मुख्य चित्रकार नेमले, गोबलँच्या कारखान्याची सूत्रे त्याच्या हाती दिली. व्हर्सायच्या आरसेमहालाचे छत त्याच्याच योजनेने रंगले. लाखो लोक दरवर्षी त्या छताखालून जातात आणि वर पाहून राजाचे नाव घेतात, चित्रकाराचे नाही. दरबारी चित्रकाराचे नशीब असेच असते. त्याची कला राजाच्या वैभवात विरघळून जाते. क्लोद मोने किंवा सेझान जगभरच्या कॅलेंडरांवर पोचले. ल ब्रंच्या वाट्याला मात्र मोठी प्रदर्शनेही क्वचितच आली: १९६३ मध्ये व्हर्सायला एक झाले आणि त्यानंतर लेन्स गावातल्या लूव्ह्रच्या शाखेत २०१६ मध्ये. मधल्या काळात, २०१२ मध्ये, पॅरिसच्या रिट्‌झ हॉटेलमध्ये दुरुस्तीचे काम चालू असताना त्याचे एक मोठे तैलचित्र ओळखू आले. वर्षानुवर्षे ते एका आलिशान खोलीच्या भिंतीवर टांगलेले होते आणि ते कोणाचे याची कोणालाच दाद नव्हती. मुख्य राजचित्रकाराची ही गत त्याच्या स्वतःच्या शहरात झाली. तंजावरात मात्र त्याचे नाव पाटीवर लिहिलेले आहे.

आता चित्रांकडे. चित्रकाराला चेहरा का आणि कसा काढावा, हा ल ब्रंचा आयुष्यभराचा प्रश्न होता. देकार्तने १६४९ मध्ये मनोविकारांवर ग्रंथ लिहिला आणि विकार मेंदूतून शरीरभर कसे पसरतात याची एक यांत्रिक उपपत्ती मांडली. ल ब्रंने ती उचलली आणि १६६८ मध्ये अकादमीपुढे व्याख्यान दिले: आश्चर्य, भीती, क्रोध, तिरस्कार यांपैकी प्रत्येकाची चेहऱ्यावर ठरावीक खूण असते, आणि सर्वांत बोलका भाग भुवया असतात. १६७१ मध्ये तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. क्षणिक विकार चेहऱ्यावर येतो आणि जातो; पण माणसाचा कायमचा स्वभावही चेहऱ्याच्या ठेवणीत उतरतो का? उत्तर शोधण्यासाठी त्याने जनावरांची मस्तके आणि माणसांची मस्तके शेजारी-शेजारी मांडली, डोळे, कान आणि नाक यांना जोडणाऱ्या रेषा काढल्या, त्रिकोण आखले. माणसाचे डोळे एका आडव्या रेषेत बसतात, जनावरांचे तिरके, असे त्याचे एक निरीक्षण. हा विचार त्याचा एकट्याचा नव्हता. इटलीत देल्ला पोर्ताने १५८६ मध्येच माणसे आणि जनावरे यांची अशी तुलना छापली होती. पण देल्ला पोर्ताची चित्रे ओबडधोबड आहेत. ल ब्रंच्या रेषेत शरीरशास्त्राची जाण आहे. त्याचा बैलमाणूस बैलाचा मुखवटा चढवलेला माणूस वाटत नाही. कवटीपासूनच तो तसा घडला आहे असे वाटते. अस्वस्थता येते ती यामुळेच.

मूळ रेखाटने ल ब्रंच्या मृत्यूनंतर, १६९० मध्ये, राजाच्या संग्रहात गेली आणि आज लूव्ह्रमध्ये आहेत. शंभराहून अधिक वर्षे ती जवळजवळ तिथेच पडून होती. १८०६ मध्ये, नेपोलियनच्या राजवटीत, लूव्ह्रच्या रेखाचित्र विभागाचे प्रमुख मोरेल दार्ल्यो यांनी त्यांच्यावर प्रबंध लिहिला आणि सोबत कोरीव ठशांनी छापलेली चित्रे दिली. पुढे १८२७ मध्ये लंडनमध्ये शिळाछापाची आवृत्ती निघाली. म्हणजे तंजावरात जे पोचले ते छापील रूपात, आणि ते येण्याचा मार्ग खुला झाला तो सरफोजीराजांच्या हयातीतच. इथे एक आक्षेप लगेच येतो: ही मूळ चित्रेच नव्हेत, मग यांना चित्रप्रदर्शन तरी का म्हणायचे? पण ल ब्रंला हा आक्षेप कळलाच नसता. अलेक्झांडरच्या लढायांवरची त्याची भव्य चित्रे युरोपभर पोचली ती ओद्राँने कोरलेल्या ठशांतून आणि गोबलँच्या गालिच्यांतून. भावदर्शनावरचे त्याचे व्याख्यान त्याच्या मृत्यूनंतर, १६९८ मध्ये, चित्रांसह छापले गेले आणि अनेक देशांतल्या चित्रशाळांत वापरले गेले. ज्या चित्रकाराने चेहऱ्यांचे व्याकरण रचले, त्याला व्याकरणाची प्रत निघणे हेच अभिप्रेत होते. छापील प्रत हे त्याच्या बाबतीत दुय्यम रूप नव्हे.

आता मूळ प्रश्न: तंजावरात या चित्रांचे काम काय? सरफोजींच्या ग्रंथसंग्रहात युरोपीय भाषांतली हजारो पुस्तके होती; इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, ग्रीक, डॅनिश. अनेकांवर राजाची सही आहे. तंजावरचे रेसिडेंट राहिलेले बेंजामिन टोरिन इंग्लंडला परतल्यावरही त्यांना पुस्तके आणि उपकरणे मिळवून देत होते. या पुस्तकांची निवड पाहिली की हौशी जमवाजमवीची कल्पना टिकत नाही. १८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. राजा फुर्क्रुआ, लाव्हाझिए, लिनियस आणि ब्युफाँ यांची नावे सहज घेत होता, हे त्यांनी आश्चर्याने नोंदवून ठेवले. चारांपैकी तिघे फ्रेंच आहेत. त्यातला ब्युफाँ म्हणजे अठराव्या शतकातला प्राणिसृष्टीचा सर्वांत मोठा वर्णनकार. ज्याच्या बोलण्यात ब्युफाँ येतो त्याच्या फडताळात ल ब्रंची जनावरे असणे हा योगायोग नव्हे.

फडताळापलीकडेही पुरावे आहेत. धन्वंतरी महाल नावाची जी संस्था सरफोजींनी चालवली तिथे देशी आणि युरोपीय दोन्ही पद्धतींची औषधे तयार होत, रुग्ण तपासले जात. डोळ्यांच्या रुग्णांचे टिपण सरस्वती महालात सापडले आहे, आणि त्यात रोग्याच्या डोळ्याची चित्रे काढलेली आहेत. एकेक डोळा, त्यातला दोष, मग उपचार. औषधयोगांचे ज्ञान तमिळ पद्यांत बांधून ठेवले गेले. घोडे आणि हत्ती यांच्या लक्षणांवरच्या व उपचारांवरच्या चित्रित पोथ्या याच संग्रहात आहेत. प्राणी, पक्षी, वनस्पती यांची चित्रे तंजावरच्या चित्रकारांकडून काढून घेतली जात होती. या सगळ्यांत एक समान धागा आहे: शब्दांपेक्षा चित्र अचूक असते आणि रोग असो वा जात असो, ती ओळखायची तर आधी नीट पाहता आले पाहिजे. ल ब्रंची चित्रे याच विश्वासाची युरोपीय बाजू आहेत. भुवयांतला फरक, डोळ्याचा कोन, कपाळाचा उतार यांकडे तो ज्या काटेकोरपणे पाहतो, तो काटेकोरपणा नेत्रवैद्याला लागतो आणि घोड्यांची पारख करणाऱ्यालाही.

शिवाय तंजावरच्या पंडितांना या विषयाची ओळख युरोपातून होण्याची गरज नव्हती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गाय, कुत्रा, कोंबडा, कासव, बोकड, घोडा आणि हत्ती यांच्या लक्षणांचे अध्याय एकापाठोपाठ येतात आणि लगेच माणसाच्या लक्षणांचा अध्याय सुरू होतो. शरीरावरून स्वभाव आणि भाग्य वाचणारे सामुद्रिक तर घरोघरी माहीत होते. माणूस आणि जनावर यांची शरीरे एकाच क्रमात लावून पाहायची, ही कल्पना सरफोजींच्या दरबारात परकी नव्हती. १८०६ मध्ये, म्हणजे पॅरिसमध्ये ल ब्रंची चित्रे छापली गेली त्याच वर्षी, तंजावरच्या छापखान्यातून इसापाच्या गोष्टींचे मराठी रूप ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडले. ते सख्खन पंडितांनी केले होते. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी ते एक आहे, पुण्या-मुंबईत मराठी छपाई रुळण्याच्या कितीतरी आधीचे. त्यात लबाड कोल्हा आहे, मूर्ख गाढव आहे, सिंह राजा आहे. दोन शहरांना एकमेकांची खबर असण्याचा प्रश्न नाही, आणि या जुळणीतून मी काही गूढ काढत नाही. पण इसापाचा कोल्हा मराठीत आणणाऱ्या दरबाराला ल ब्रंचा कोल्हा वाचता येत होता, एवढे म्हणायला ती पुरेशी आहे.

यावर कोणी म्हणेल की हे सारे परिस्थितिजन्य आहे. ल ब्रंचे पान उघडून तंजावरच्या वैद्याने रोगी तपासला असा पुरावा कुठे आहे? तसा दावा मी करत नाही. ल ब्रंचा सिद्धान्त धन्वंतरी महालात औषधासारखा वापरला गेला असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. म्हणणे एवढेच आहे की एखाद्या वस्तूचा अर्थ तिच्या शेजाऱ्यांवरून ठरतो, आणि इथले शेजारी वैद्यक, पशुवैद्यक, निसर्गेतिहास आणि नीतिकथा हे आहेत. हीच चित्रे पॅरिसमध्ये राजाच्या चित्रकारांना शिकवण्यासाठी जन्मली. नेपोलियनच्या काळात ती जुन्या मास्तराच्या कल्पकतेचा नमुना म्हणून छापली गेली. तंजावरात त्यांना तिसरे शेजार मिळाले. हे तिसरे शेजार दिसेनासे झाले आणि उरली ती फक्त पाहुण्यांची करमणूक.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. ज्याचे राज्य काढून घेतले त्याने विजेत्यांची पुस्तके जमवली, विजेत्यांच्या शिल्पकाराकडून आपला पुतळा घडवून घेतला. हे तर परक्यांचे अनुकरण. फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा तंजावरच्या वाड्यात आजही आहे. नेपोलियनविरुद्धच्या इंग्रजांच्या विजयाचे स्मारक म्हणून त्यांनी समुद्रकाठी मनोऱ्याची इमारत बांधली, हेही खरे. इंग्रजांशी त्यांनी जुळवून घेतले यात शंका नाही. दुसरा पर्याय त्यांच्यापुढे फारसा नव्हता. पण नुसते अनुकरण करणारा माणूस विजेत्याची भाषा उचलतो आणि स्वतःची सोडून देतो. सरफोजींनी उलटे केले. युरोपातून आलेला भूगोल त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात घातला आणि कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगत फिरणाऱ्या बाईच्या, तोंडी देशोदेशींची माहिती दिली. भोसल्यांच्या वंशाचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. दगडावरचा इतका मोठा मराठी मजकूर क्वचितच कुठे सापडेल. काशीयात्रेला निघाले तेव्हा हस्तलिखिते मिळवणे आणि नकला करवणे हा यात्रेचाच भाग होता. इंदिरा विश्वनाथन पीटरसन आणि सावित्री प्रीता नायर यांनी या राजाच्या कामाचा जो अभ्यास केला आहे त्यातूनही हेच दिसते: तो युरोपीय ज्ञानाचा गिऱ्हाईक होता, पण काय घ्यायचे आणि कुठे बसवायचे हे तो स्वतः ठरवत होता. शिवाय विजेत्यांची पुस्तके हे वर्णनही पुरते बरोबर नाही. फ्रेंच हे तंजावरचे विजेते नव्हते. १७३९ मध्ये कारैकल त्यांनी तंजावरकडून मिळवले आणि १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीच्या फौजेने तंजावरला वेढा घातला, पण ती रिकाम्या हाताने परतली. म्हणजे ज्या देशाच्या सैन्याला या शहराच्या तटांनी थोपवले, त्याच देशाच्या चित्रकाराला या शहराच्या ग्रंथालयाने जागा दिली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचे शास्त्र खोटे आहे. ल ब्रंनंतर शंभर वर्षांनी झुरिकच्या लाव्हाटरने या शास्त्राला भावुक लोकप्रियता मिळवून दिली. डच शरीरशास्त्रज्ञ काम्परने चेहऱ्याचा कोन मोजला. आणि एकोणिसाव्या शतकात कवट्या आणि नाके मोजून माणसांची उच्चनीचता ठरवण्याचा उद्योग सुरू झाला. त्याची झळ आपल्यालाही बसली. हर्बर्ट रिस्लेने १८९१ मध्ये बंगालमधल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात नाकाच्या मापावरून जातींची क्रमवारी लावली. त्या मोजपट्टीच्या पूर्वजांत ल ब्रंच्या त्रिकोणांचा समावेश आहे, हे मान्य केले पाहिजे. आपल्या सामुद्रिकालाही यातून सूट देता येणार नाही. स्त्रीच्या पायाच्या बोटावरून तिचे लग्न मोडणारे तेच. मग ही चित्रे अभिमानाने का दाखवायची? दाखवायची ती अभिमानाने नव्हे, समजुतीने. ल ब्रंने घुबडमाणूस रचताना कोणत्या देशाचे वा जातीचे लोक घुबड आहेत असे म्हटले नव्हते. त्याचे नमुने रोमन सम्राट होते, प्राचीन तत्त्वज्ञ होते, कल्पनेतले चेहरे होते. सिंहाचा चेहरा आणि बैलाचा चेहरा त्याच्या लेखी एकाच माणुसकीच्या शक्यता होत्या. मोजपट्टी वाईट हातांत पडली ती नंतर. चित्रांखाली या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असल्या, तर पाहणारा हसून पुढे जाणार नाही.

याच चित्रकाराने १६७३ मध्ये आणखी एक चित्र पुरे केले. तेही लूव्ह्रमध्ये आहे. झेलमच्या लढाईनंतर जखमी पोरसराजाला अलेक्झांडरपुढे आणले आहे. भारत ल ब्रंने कधी पाहिला नव्हता. त्याचे हत्ती पुस्तकांतले आहेत. पण हरलेल्या भारतीय राजाचा सन्मान जिंकणाऱ्याने कसा राखावा, हा त्या चित्राचा विषय, आणि चौदाव्या लुईला तो आपल्याच औदार्याचा आरसा वाटावा अशी त्याची योजना होती. सरफोजी हेही हरलेले, निदान निःशस्त्र झालेले राजे होते. कंपनीने त्यांना वाडा आणि मान दिला, सत्ता दिली नाही. ल ब्रंच्या पोरसाला सन्मान मिळतो तो जिंकणाऱ्याच्या मर्जीने. तंजावरच्या राजाने त्या मर्जीवर न थांबता ग्रंथालय, दवाखाना, छापखाना, शाळा यांत स्वतःचे असे काहीतरी उभे केले. १८५५ मध्ये वारसाअभावी राज्य खालसा झाले, पण ग्रंथालय टिकले, आणि १९१८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले.

पुढचे काम संग्रहालयातल्या चित्रांपेक्षा दप्तरात अधिक आहे. सरस्वती महालात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत आणि मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत: खर्च, पगार, पत्रव्यवहार, खरेदी. एखादे पुस्तक कोणत्या वर्षी आले, कोणाकडून आले, किती पैसे पडले, चित्रकाराला कोणती नक्कल करायला सांगितली, हे कळायचे ते अशाच कागदांतून. तंजावरची मोडी वळणाने वेगळी असली तरी लिपी तीच आहे, जी मुळशी खोऱ्यातल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांत आणि पुण्याच्या पुरालेखागारातल्या पेशवे दप्तरात आहे. तमिळ विद्वानांनी या कागदांवर मेहनत घेतली, त्यातल्या बऱ्याचशा मजकुराचा तमिळ अनुवाद केला. पुण्यात मोडी वाचणारी माणसे आहेत, ती शिकवणारे वर्ग आहेत आणि १९१० पासून चालत आलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. यांतल्या काहींनी वर्षा-दोन वर्षांसाठी तंजावरची वाट धरली, तर ल ब्रंच्या चित्रांखालची पाटी मराठी, तमिळ आणि फ्रेंच अशा तीन भाषांत नव्याने लिहिता येईल.